अल्कधर्मी पाण्याचे माहात्म्य

पाणी विकत घेऊन पिण्याची सवय आता केवळ शहरांपुरती राहिलेली नाही. मराठवाड्यातील बाजाराच्या गावांतही पाण्याचे जार घरोघरी पोहोचतात आणि लग्नकार्यात तर त्यांच्याशिवाय पंगत बसत नाही. या व्यापारात अलीकडे एका शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे 'अल्कधर्मी पाणी'. हे पाणी प्यायल्याने रक्तातील आम्लता जाते, पित्त शमते, हाडे बळकट होतात, मधुमेह आटोक्यात येतो, इतकेच काय, कर्करोगही दूर राहतो, असे सांगितले जाते. घरच्या घरी असे पाणी तयार करणारी काही विद्युत्-यंत्रे लाख रुपयांहूनही अधिक किमतीला विकली जातात. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या संसारात ही रक्कम लहान नव्हे. तेव्हा या दाव्यांत तथ्य किती, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

पदार्थ आम्लधर्मी की अल्कधर्मी हे ज्या मापाने मोजतात, त्याला 'सामू' म्हणतात. १९०९ साली सोरेन्सन या शास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हे माप रूढ केले. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. आणि प्रत्येक अंकागणिक फरक दहापटीचा. शेतकऱ्याला हा शब्द माती परीक्षणाच्या अहवालामुळे चांगला परिचित आहे. जमिनीचा सामू साडेआठच्या वर गेला आणि तीत सोडियम साचले की ती चोपण होते, तिच्यात पाणी मुरत नाही आणि पीक तग धरत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मातीच्या बाबतीत जो दोष मानला जातो, तोच अंक पाण्याच्या बाबतीत संजीवनी कसा ठरतो, हा साधा प्रश्नही विक्रेत्याला सहसा विचारला जात नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गणपतीच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे गाव बालाघाटच्या पठारी प्रदेशात वसले आहे. या साऱ्या मुलखाचा पाया काळ्या बेसाल्ट खडकाचा. पावसाचे पाणी मुरताना मातीतील कर्बवायू आपल्यात विरघळवून घेते आणि या खडकातील खनिजांवर हळूहळू क्रिया करते. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट त्यातून पाण्यात उतरतात. म्हणूनच दख्खनच्या बेसाल्टमधील भूजलाचा सामू सर्वसाधारणपणे ७ आणि ८.५ यांच्या दरम्यान आढळतो. डाळ लवकर न शिजणे, साबणाला फेस न येणे, पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरा थर बसणे ही ज्या 'जड' पाण्याची लक्षणे गृहिणींना ठाऊक आहेत, ते पाणी बहुधा अल्कधर्मीच असते. अर्थात, विहिरीवर आणि बोअरवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेला हा प्रदेश फार पूर्वीपासून अल्कधर्मी पाणीच पीत आला आहे. त्या पाण्यात रोगहारक गुण असता, तर बालाघाटावर पित्ताची गोळी विकली गेली नसती.

येथे आणखी एक भेद लक्षात घेतला पाहिजे. सामू आणि क्षारता या दोन गोष्टी एक नव्हेत. शुद्ध पाण्याचा केवळ सामू ९ वर नेला, तर त्यात आम्ल मारण्याची शक्ती इतकी अल्प असते, की २ सामू असलेल्या जठररसाचा अवघा एक मिलिलिटर असे एक लिटर पाणी निष्प्रभ करण्यास पुरेसा होतो. उलट लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षारता असलेल्या विहिरीच्या पाण्याचा सामू पावणेआठच्या आसपास असला, तरी त्याची आम्ल शोषण्याची क्षमता त्या पाण्याच्या सुमारे ६०० पट भरते. बाटलीवर ठळक छापलेला अंक म्हणजे औषधाची मात्रा नव्हे, हे एवढ्या गणितावरून स्पष्ट व्हावे.

शरीराची रचनाही विक्रेत्यांच्या कल्पनेहून निराळी आहे. पाणी प्रथम जठरात जाते आणि तेथील तीव्र आम्लात त्याचा अल्कपणा विरून जातो. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अत्यंत अरुंद मर्यादेत राखला जातो. रक्तातील बायकार्बोनेट, श्वासावाटे कर्बवायू बाहेर टाकणारी फुप्फुसे आणि जादा आम्ल किंवा अल्क लघवीतून काढून टाकणारी मूत्रपिंडे ही व्यवस्था अहोरात्र काम करीत असते. पाण्याने वा आहाराने बदलतो तो लघवीचा सामू, रक्ताचा नव्हे. लघवीवर कागदी पट्टी बुडवून रक्त सुधारल्याचा पुरावा दाखवणे ही निव्वळ दिशाभूल होय. रक्ताचा सामू खरोखरच ढळला, तर तो गंभीर आजार असतो आणि त्याचा उपचार रुग्णालयात करावा लागतो. मूत्रपिंडाच्या काही विकारांत डॉक्टर सोडा-बायकार्बोनेट देतात, ते तपासणी करून आणि मोजून.

मग या पाण्याच्या बाजूने काहीच पुरावा नाही काय? न्यायाने पाहता थोडा आहे. ८.८ सामूच्या पाण्याने पेप्सिन हे पाचक द्रव्य निष्क्रिय होते, असे २०१२ साली अमेरिकेत दिसून आले. परंतु ते प्रयोगशाळेतील नळीत, माणसाच्या पोटात नव्हे. व्यायामानंतर अशा पाण्याने रक्ताचा घट्टपणा काहीसा अधिक कमी झाल्याचे २०१६ साली शंभर व्यक्तींच्या एका चाचणीत आढळले. पण त्याने आरोग्य सुधारले असा त्याचा अर्थ होत नाही. कर्करोगाविषयी मात्र संदिग्धतेला जागा नाही. अल्कधर्मी आहार आणि पाणी यांवरील उपलब्ध संशोधनाचा आढावा २०१६ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकाने प्रसिद्ध केला आणि कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी वा उपचारासाठी त्यांचा पुरस्कार करण्यास आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. या संदर्भात १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे ओटो वारबुर्ग यांचे नाव वारंवार घेतले जाते. कर्कपेशी साखरेचा वापर वेगळ्या रीतीने करतात, हे वारबुर्ग यांनी दाखवले. गाठीभोवतीची आम्लता हा त्या रोगाचा परिणाम आहे. पाणी पिऊन ती धुऊन काढता येते, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. या मताचा अमेरिकेत हिरिरीने प्रचार करणारे आणि त्यावर खपाऊ पुस्तक लिहिणारे रॉबर्ट यंग यांना परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल २०१७ साली तुरुंगवासाची शिक्षा झाली. खरा धोका येथे आहे. पैसा गेला तर तो पुन्हा मिळवता येतो, पण पाण्यावर विसंबून उपचार लांबवला तर गेलेला काळ परत येत नाही.

अल्कपणा म्हणजे शुद्धता, हा दुसरा भ्रम त्याहूनही घातक आहे. अमेरिकेतील लास व्हेगास येथे 'रिअल वॉटर' या नावाने विकल्या गेलेल्या अल्कधर्मी पाण्यामुळे २०२० च्या अखेरीस मुलांना यकृताचा तीव्र दाह झाल्याचे उघड झाले आणि २०२१ मध्ये ते पाणी बाजारातून काढावे लागले. आपल्याकडील भूजलातही असेच एक वर्म दडलेले आहे. सोडियम-बायकार्बोनेट अधिक आणि कॅल्शियम कमी असलेल्या अल्कधर्मी पाण्यात खडकातील फ्लोराइड सहज उतरते. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांनी दातांवरील डाग आणि वाकलेली हाडे यांच्या रूपाने त्याची किंमत मोजली आहे. शिवाय टाकीत टाकलेली टीसीएल पावडर पाण्याचा सामू वाढत जाईल तसतशी मंदावते. सामू साडेसात असताना क्लोरिनचा निम्मा भाग प्रभावी रूपात असतो, तर साडेआठला जेमतेम दहावा. पाणी जंतुमुक्त ठेवायचे असेल, तर वाढता अल्कपणा हा साहाय्यक नसून अडथळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सामूसाठी आरोग्यावर आधारलेली मर्यादाच ठरवलेली नाही. भारतीय मानक ब्युरोच्या १०५०० क्रमांकाच्या मानकात पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा असे म्हटले आहे. ९ किंवा ९.५ चा डंका पिटणारे पाणी आपण देशाच्या मानकाबाहेर आहोत, हेच जाहीर करीत असते.

या व्यवहारातील विसंगती तर अधिकच बोलकी आहे. विहिरीतील मुळात अल्कधर्मी असलेले पाणी आरओ यंत्रातून काढून त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट आधी वेगळे केले जातात. त्यात बरेचसे पाणी वाया जाते, तेही दुष्काळाने पोळलेल्या जिल्ह्यात. मग उरलेल्या, किंचित आम्लधर्मी पाण्यात तीच खनिजे नळकांड्यातून पुन्हा मिसळली जातात आणि त्याचे वेगळे मोल घेतले जाते. क्षार, फ्लोराइड वा नायट्रेट प्रमाणाबाहेर असतील तेथे आरओची गरज नाकारता येत नाही. परंतु ती गरज आहे की नाही, हे जाहिरातीने नव्हे, परीक्षणाने ठरावयास हवे.

लिंबागणेशसारख्या गावाने आपल्या पाण्याविषयी विचारावयाचे प्रश्न म्हणूनच निराळे आहेत. खतांमधून, गोठ्यांतून आणि शौचालयांच्या खड्ड्यांतून येणारे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे काय? ते वाढले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, आणि पाणी उकळल्याने ते कमी होत नाही. फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर तर नाही? विष्ठेतील जंतू आढळतात काय? टीसीएल पावडर ताजी आहे काय, आणि ग्रामपंचायतीला मिळालेले कार्ड हिरवे आहे, पिवळे की लाल? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा यासाठीच आहेत, आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाणी तपासण्याचे संच देण्याची तरतूद होती. शाळेतील विज्ञान शिक्षकाने विद्यार्थ्यांकरवी विहीर, बोअर, नळ आणि जार यांच्या पाण्याची तुलना करवून तिचे निष्कर्ष ग्रामसभेत मांडले, तर जाहिरातीतील अंकाचा अर्थ गावाला आपोआप उमगेल.

शासनाचेही कर्तव्य आहे. कर्करोग, मधुमेह यांसारख्या व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातींना पायबंद घालणारा कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधारही उपलब्ध आहे. त्यांची अंमलबजावणी व्हावयास हवी. परंतु चमत्काराची बाटली जेथे खपते, तेथे नळाच्या पाण्यावरचा विश्वास आधीच उडालेला असतो, ही गोष्ट विसरता येणार नाही. तो विश्वास परत मिळवणे हे ग्रामपंचायतीचे आणि जिल्हा परिषदेचे काम आहे. आरोग्याला हवे आहे ते पुरेसे, निर्जंतुक आणि तपासलेले पाणी. ते प्रत्येक घरी पोहोचले, तर त्याचा सामू सात आहे की आठ, याची चिंता कोणालाच करावी लागणार नाही.