फॉरमॅट मारण्याआधी थांबा!

जुना कॉम्प्युटर एक्स्चेंजला, भाच्याला किंवा भंगारवाल्याला द्यायला काढला असेल, तर आज देऊ नका. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि मशीन बदलण्याची घाई सुरू झाली. त्या घाईत वर्षानुवर्षांची मेल पुसली जाते आहे.

“मेल काय, नेटवरच असते,” हे आमच्या सोसायटीच्या कार्यालयात मीच म्हणालो होतो. दुरुस्तीवाल्या मुलाने विचारलं, “काका, फॉरमॅट मारू?” मी मान डोलावली. नव्या मशीनवर आउटलुक उघडलं, तर इनबॉक्समध्ये जेमतेम दोन आठवड्यांची मेल. डीम्ड कन्व्हेयन्ससाठी बिल्डरशी सहा वर्षं केलेला पत्रव्यवहार त्या डिस्कबरोबर गेला. त्या मुलाचा काय दोष? आमचं खातं पॉप पद्धतीचं होतं. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून तुमच्या मशीनमध्ये उतरते आणि सर्व्हरवरची प्रत काही दिवसांनी पुसली जाते. आउटलुकच्या बऱ्याच आवृत्त्यांत तिथे चौदा दिवस आधीच भरलेले असतात. तो आकडा कोण बघतो?

तेव्हा आधी खात्याच्या सेटिंगमध्ये जा आणि इनकमिंग सर्व्हरचा पोर्ट पाहा. ११० किंवा ९९५ असेल तर खातं पॉपचं आहे, मेल तुमच्या डब्यात आहे. १४३ किंवा ९९३ असेल तर आयमॅप. मेल सर्व्हरवर आहे. पण आयमॅपवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. थंडरबर्डमधल्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये सरकवलेली मेल फक्त त्याच मशीनवर असते.

थंडरबर्डवाल्यांचं काम त्या मानाने सोपं. ‘हेल्प’मधल्या ट्रबलशूटिंगच्या पानावरून प्रोफाइल फोल्डर उघडा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि अख्खा फोल्डर उचला. खाती, मेल, पत्ते, फिल्टर, पासवर्ड सगळं त्यात येतं. पासवर्डही येतात, म्हणूनच तो फोल्डर दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर टाकू नका. प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल, तर तो ज्याच्या हाती पडेल त्याला तुमची खाती उघडता येतील.

जुन्या आउटलुकमध्ये मेल पीएसटी फाइलमध्ये असते. पॉप खात्याची फाइल बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये सापडते. ओएसटी नावाची फाइल दिसली तर ती कॉपी करून हुश्श करू नका, ती दुसऱ्या मशीनवर सरळ उघडत नाही. फोल्डर आउटलुकमधूनच पीएसटीत एक्स्पोर्ट करा. आणि हे नीट लक्षात घ्या: पीएसटीत मेल येते, खात्याची सेटिंग येत नाहीत. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरची नावं, दोन्ही पोर्ट, एन्क्रिप्शनचा प्रकार आणि युजरनेम वहीत उतरवून घ्या, किंवा त्या खिडकीचा मोबाइलवर सरळ फोटो काढा. पासवर्ड तिथे ठिपक्यांतच दिसेल. तो आठवत नसेल, तर जुनं मशीन चालू आहे तोवरच बदलून घ्या. स्वतःच्या डोमेनची मेल वापरणाऱ्या दुकानदारांनी आणि वकिलांनी तर आधी हेच करावं.

पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीचा असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर मावत नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. जुन्या पीएसटी याहून मोठ्या असणं काही नवल नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेला ड्राइव्ह घ्या आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलचा आकार ताडून पाहा.

नव्या मशीनवर सगळ्यात जुनी मेल शोधून उघडा, तिची अटॅचमेंट उघडा, स्वतःलाच एक मेल पाठवून ती आली का बघा. हे होईपर्यंत कुणीही “फॉरमॅट मारू?” म्हणून विचारलं, तर नाही म्हणा. आणि नंतरही निदान महिनाभर जुनी डिस्क कपाटात ठेवा.