चालता संगणक भंगारात का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ बरीच जुनी यंत्रे नाकारते. दुकानदार म्हणतो, नवा घ्या! इंजिन ठणठणीत असताना गाडी भंगारात कोण काढतो?

लिनक्स १९९१ पासून आहे, फुकट आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुले त्यावर शिकतात. आमच्याच शाखांना ते अवघड कसे? उबुंटू किंवा मिंटचा बूट होणारा पेनड्राइव्ह करा, त्यावरूनच संगणक चालू करा. आतल्या डिस्कला हात न लावता मराठी टंकलेखन, प्रिंटर, इंटरनेट तपासा. प्रिंटर अडला तर घाई नको. सभासदांची यादी दुसरीकडे उतरवून घ्या, मगच बसवा. एवढे न करता वर्गणीतून नवे यंत्र मागणाऱ्या शाखेला आम्ही मंजुरी देणार नाही.