बालसाहित्यिक, पुस्तकप्रसार आणि धारूरचा बालवाचक

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेत आशय, भाषा, संस्कार व मनोरंजन यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. पुस्तक मुलाच्या हाती कोणत्या वाटेने पोहोचते आणि ते पोहोचावे म्हणून लेखक काय करतो, हा प्रश्न मात्र प्रकाशनव्यवहाराचा मानून बाजूस ठेवला जातो. ही विभागणी मान्य करण्यासारखी नाही. लेखक ज्या वाटेने वाचकाकडे जातो, ती वाटच त्याचा वाचक कोण, हे पुष्कळ अंशी ठरवीत असते.

जुन्या पिढीतील लेखकांनी ही वाट नियतकालिकांतून काढली. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ (1881) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ (1906) ही मासिके, तसेच भा. रा. भागवतांनी 1951 साली काढलेले ‘बालमित्र’, यांत लेखक हाच संपादक होता; वाचकाशी त्याची गाठ अंकागणिक पडे. साने गुरुजींची वाट याहून जुनी व साधी, सांगण्या-ऐकण्याची. ‘श्यामची आई’ (1935) प्रकरणांऐवजी रात्रींत विभागलेली आहे, ही केवळ रचनेची हौस नव्हे; समोर बसलेले श्रोते गृहीत धरून ते पुस्तक उभे राहिले आहे. गुरुजींच्या निधनानंतर (1950) कथामालेने हाच धागा शाळाशाळांतून नेला. या व्यवहारात पुस्तकाचा प्रसार आणि वाचकाची भेट या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या. गोष्ट ऐकलेले मूल पुस्तक मागे. पुस्तक मिळाले नाही तरी गोष्ट त्याच्यापाशी उरे.

आजच्या बालसाहित्यिकाची साधने वाढली आहेत. प्रकाशन समारंभ, संमेलने, पुरस्कार, ग्रंथप्रदर्शने, भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या चित्रफिती यांपैकी कशालाही नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र या बहुतेक साधनांचा रोख मुलापेक्षा पालकाकडे, शिक्षकाकडे आणि निवड समितीकडे असतो. 2025 मध्ये नांदेडचे सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ही मराठवाड्याच्या दृष्टीने मोठीच घटना होय. तथापि पुरस्काराची वार्ता वृत्तपत्रातून शिक्षकाच्या टेबलापर्यंत येते. तेथून वर्गापर्यंतचे अंतर पुरस्कार कापू शकत नाही. ते कापते शाळाभेट. लेखक वर्गात येतो, कविता म्हणून दाखवतो, मुलांचे आडवेतिडवे प्रश्न झेलतो. मुलाशी सरळ संबंध जोडणारी ही जवळजवळ एकमेव उरलेली रीत आहे.

परंतु शाळाभेटीलाही हंगाम असतो, आणि बालाघाटाच्या डोंगरावरील धारूरसारख्या गावी तोच आड येतो. मराठी पुस्तकव्यवहाराचा वर्षातील मोठा सण म्हणजे दिवाळी. दिवाळी अंक त्याच सुमारास निघतात. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि 14 नोव्हेंबरचा बालदिन त्याच्या मागेपुढे येतात. धारूरच्या बाजारात सीताफळे येण्याचे हेच दिवस, आणि तालुक्यातील वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघण्याचेही हेच दिवस. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी (त्यांच्या हिशेबात जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात) पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्याबरोबर कित्येक मुलेही जातात. काही मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. काहींसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविण्याचे प्रयत्न झाले आहेत. म्हणजे वर्षभरात लेखक येण्याचा संभव जेव्हा सर्वाधिक असतो, तेव्हाच बाकावरची अनेक मुले कोपीत असतात. हजेरीपटावर त्यांची नावे असतात. लेखकासमोर ती बसलेली नसतात.

याचा परिणाम विक्रीपुरता राहत नाही, तो लेखनावर होतो. भेटलेल्या मुलांच्या प्रश्नांतून लेखकाला पुढचा विषय सुचतो, कोठला शब्द अडला हे कळते. जी मुले कधी भेटतच नाहीत, त्यांचा शब्दही त्याच्या कानी पडत नाही. मग पाचट, वाढे, फड हे शब्द बालकथेत आलेच तर तळटीप घेऊन येतात, आणि ऊसतोड कामगाराचे मूल कथेत येते ते बहुधा कुणाच्या तरी दयेचा विषय होऊन. ‘किशोर’ मासिकाने 1971 पासून मोठा वाचकवर्ग घडविला व त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य उपलब्ध झाले, हे मोलाचे काम आहे. पण अंक उघडणे आणि लेखकाने नाव विचारणे यांत फरक आहे.

लेखकाने पदरमोड करून फडावर जावे, असा आग्रह धरणे अन्यायाचे ठरेल. बालपुस्तकावर उपजीविका होत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. वेळापत्रक बदलणे मात्र अवघड नाही. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा यांतील बरीच मुले गावात असतात आणि दसऱ्यापर्यंत राहतात. साडेतीन-चार महिन्यांच्या या अवधीत एखादा बालसाहित्यिक तालुक्यात दोनदा आला, पहिल्या भेटीत गोष्ट सांगून दुसऱ्या भेटीत मुलांकडून गोष्ट ऐकून गेला, आणि निघताना प्रत्येक मुलाजवळ एखादे पातळसे पुस्तक राहिले, तर ते पुस्तक कारखान्याच्या तळापर्यंत जाईल. मराठी विभागांतील बालसाहित्यावरचे लघुप्रबंध आजवर मुख्यतः संहितेभोवती फिरले आहेत. असे एखादे पुस्तक सहा महिन्यांनी कोणत्या अवस्थेत परत येते, कोणती पाने फाटली, कोणती कविता पाठ झाली, याची नोंद धारूरच्या एखाद्या शाळेत बसून घेता येण्यासारखी आहे.