लाटेवरचा माणूस

चित्रकलेच्या तासाला ‘समुद्र’ हा विषय दिला की निम्म्याहून अधिक वह्यांत एकच समुद्र अवतरतो. मावळता सूर्य, दोन माड, शिडाची एक होडी आणि पाणी म्हणून काढलेल्या चार नागमोडी रेघा. यात मुलांचा दोष तो काय? रामपायलीपासून समुद्र शेकडो मैल दूर. बहुतेकांनी तो भिंतीवरील दिनदर्शिकेतच पाहिलेला. दोष आहे तो अशा नकलेला ‘सुबक’ म्हणून वाखाणणाऱ्या आम्हां शिक्षकांचा, आणि त्याची कबुली देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गतवर्षीच्या चित्रप्रदर्शनात एका विद्यार्थ्याने निराळेच चित्र मांडले होते. चंदन नदीला पूर आलेला, पाणी तांबूस व गढूळ, आणि त्यावरून लाकडी फळीवर पोट टेकून एक मुलगा चाललेला. मान ताठ, बोटे फळीच्या कडेला घट्ट आवळलेली. परीक्षक या नात्याने आम्ही ते चित्र बाजूला सारले. ‘पोरखेळ हा काही चित्राचा विषय नव्हे,’ असा अभिप्राय देऊन पारितोषिक आम्ही माडांआडच्या सूर्यास्ताला दिले. पुढे कलेतिहासाचे ग्रंथ चाळताना आमची चूक आमच्या ध्यानी आली.

फळीवर स्वार होऊन फुटत्या लाटेबरोबर किनाऱ्याकडे येण्याचा खेळ, ज्याला आज ‘सर्फिंग’ म्हणतात, तो मूळचा हवाई आदी प्रशांत महासागरातील बेटांचा. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत जॉन वेबर नावाचा चित्रकार होता. 1779 साली त्याने हवाईतील केआलाकेकुआ उपसागराचे दृश्य टिपले. त्यावरून कोरलेले मुद्राचित्र 1784 साली सफरीच्या वृत्तांताबरोबर प्रसिद्ध झाले. त्यात होड्यांच्या गर्दीत एक मनुष्य फळीवर पालथा पडून हातांनी पाणी कापीत निघालेला दिसतो. आमच्या विद्यार्थ्याच्या चित्रातला तोच हा ‘पोरखेळ’! एकोणिसाव्या शतकात या खेळाला उतरती कळा लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पुन्हा बहरला. आणि टोकिओच्या, 2021 साली भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत त्याला प्रथमच स्थान मिळाले.

चार्ल्स बार्टलेट या इंग्रज चित्रकाराची कथा तर आपल्याला अधिकच जवळची. 1913 च्या सुमारास तो हिंदुस्थानात हिंडला. पुढे जपानात वातानाबे या प्रकाशकाच्या साहाय्याने त्याने येथील दृश्यांची लाकडी ठशांची चित्रे छापविली. त्यांत आग्ऱ्याचा ताजमहालही आहे. 1917 साली तो होनोलुलूस पोहोचला आणि तेथे त्याने लाटांवर उभ्या राहिलेल्या स्वारांची चित्रे केली. ज्या हाताने ताजमहाल रेखाटला, त्याच हाताला लाटेवरचा उघडा माणूसही तितकाच चित्रयोग्य वाटला, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

कोणी म्हणेल, थोर कलेचे विषय थोर असावेत. मान्य. परंतु होकुसाई या जपानी चित्रकाराने 1831 च्या सुमारास केलेली ती जगद्विख्यात महालाट पाहावी. तिच्या कवेत तीन होड्या आहेत आणि त्यांत वल्हेकरी अंग चोरून बसले आहेत. फुजी पर्वत दूर, इवलासा. ते साधे दर्यावर्दी वगळले, तर लाटेची भीती उरेल काय? राजा रविवर्म्यांनीही समुद्राचे गर्वहरण करणारा राम रंगविला. चंदनेकाठच्या राममंदिराच्या छायेत वाढलेल्या आपल्या मुलांना तो प्रसंग सांगावयास नको. अवतार असो वा वल्हेकरी, पाण्यासमोर कोणीतरी उभे राहिले म्हणजेच पाण्याचे सामर्थ्य डोळ्यांत भरते.

आमचे बालपण समुद्रकाठी गेले. आमच्या कोंकणी मातृभाषेत लाटेला ‘ल्हार’ म्हणतात. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी रापणकार कितीतरी वेळ नुसते उभे राहून ल्हारा पाहत असत. एक जाऊ देत, दुसरी जाऊ देत, आणि नेमक्या क्षणी सारे एकदम होडीला खांदा देत. ते पाहणे हीच त्यांची विद्या होती. चित्रकाराची विद्या याहून वेगळी नाही. इतके पाहिलेले असूनही आम्ही फळ्यावर मात त्याच चार नागमोडी रेघा काढून दाखवीत आलो, याची आम्हांला लाज वाटते.

त्या विद्यार्थ्याने समुद्र पाहिला नव्हता, पण पूर पाहिला होता. चंदनेचे पाणी वैनगंगेतून, पुढे प्राणहिता व गोदावरी यांतून अखेर समुद्रालाच मिळते. त्याने आपल्या दारचा समुद्र काढला. आम्ही परक्या भिंतीवरचा मागितला.

विद्यार्थिमित्रांनो, याचा अर्थ पुरात उड्या घ्या असा मुळीच नव्हे. नदी काठावरूनही नीट पाहता येते. परंतु जे पाहाल तेच काढा. नक्कल करून हात वळतो हे खरे. डोळा मात्र उघडत नाही.

ते चित्र आम्ही नुकतेच त्या विद्यार्थ्याकडे मागितले. कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याने भूगोलाचा नकाशा काढला होता. ‘आता काय करायचे ते, गुरुजी?’ असे त्याने विचारले. दिलेले पारितोषिक परत घेता येत नाही आणि घेऊही नये. ते चित्र आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे. नकाशाची बाजू भिंतीकडे.