पुंजयामिकीचे चित्र आणि शिक्षकाची रिकामी जागा

मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरल्याने कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय मापन १९०४ साली अलिबागला हलविण्यात आले. तेथे पुढे प्रोटॉन-चुंबकमापके वापरात आली. चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन भोवऱ्यासारखा डुलतो. त्या डुलण्याच्या वेगावरून क्षेत्राची तीव्रता कळते. या मापनामागचे शास्त्र म्हणजे पुंजयामिकी, अर्थात क्वांटम मेकॅनिक्स. पण याच किनाऱ्यावरील पदवीचा विद्यार्थी श्रोडिंगरचे समीकरण पाठ करतो, पेटीतील कणाचे गणित सोडवितो आणि त्याचा अर्थ न कळताच उत्तीर्ण होतो. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलापुढे आपण इंग्रजी आणि कठीण गणित अशा दोन भिंती एकदमच उभ्या करतो.

संगणकावरील सचल प्रतिरूपे, म्हणजेच सिम्युलेशने, येथे उपयोगी पडतात. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात अशा प्रतिरूपांचा ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. इलेक्ट्रॉनचा तरंग ऊर्जेच्या भिंतीवर आदळतो. बराचसा परततो, थोडा पलीकडे झिरपतो. विद्यार्थी स्वतः भिंतीची जाडी वाढवितो आणि झिरपणे किती झपाट्याने घटते ते पाहतो. मग सूत्रातील घातांकाला अर्थ येतो.

मात्र चित्र फसवूही शकते. पडद्यावरचा तरंग पाण्याच्या लाटेसारखा नसतो. कण कोठे सापडण्याची शक्यता किती, हे त्यावरून काढावयाचे असते. म्हणून ‘आता काय होईल?’ असे आधी विचारणारा, मग प्रतिरूप चालविणारा आणि शेवटी वर्गात वाद घडवून आणणारा शिक्षक लागतोच.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रतिरूप ही सार्वजनिक वस्तू आहे. ते तयार करण्याचा खर्च एकदाच होतो. आणखी हजार मुलांनी वापरले तरी तो फारसा वाढत नाही. अशी वस्तू सरकारी खर्चाने, मराठीत आणि सर्वांना मोफत मिळावी, यात अवाजवी काय आहे? राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी केंद्राने २०२३ साली ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. तिच्यातील मापनविद्येचे केंद्र मुंबईच्या आय.आय.टी.त आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण मुरूड-श्रीवर्धनची मुले तेथवर पोहोचणारच नसतील, तर हा पैसा मूठभरांच्याच उपयोगी पडेल.

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. पडदा आला, आता प्राध्यापक कशाला, असा हिशेब उद्या मांडला जाईल. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाला आज या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात धावावे लागते. मुलांशी वाद घालायला त्याला उसंत कोठली? तेव्हा कार्यकर्त्यांनी महाविद्यालय विकास समित्यांत आणि विद्यापीठाच्या अधिसभेत तीन मागण्या एकत्रच मांडाव्यात: रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात चालू स्थितीतील संगणककक्ष द्या आणि विद्यापीठाने मराठी प्रतिरूपे तयार करून सर्वांना खुली करावीत. पहिली मागणी सोडून उरलेल्या दोन मान्य झाल्या, तर तो आपला विजय समजू नये.