जुळ्या कोकरांच्या निमित्ताने

दुष्काळी पट्ट्यातल्या मेंढपाळाकडे जुळी कोकरं जन्मली, की आनंद होतोच, पण दूध पुरेल का हा घोरही लागतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या बुटक्या गारोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ घडवली. त्याला वर्षानुवर्षं लागली. आता जनुकात थेट दुरुस्ती करता येते. मे २०२५मध्ये शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने जनुक-संपादित मेंढीची घोषणा केली. त्याच महिन्यात ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ हे संपादित भातवाणही जाहीर झाले.

परकं जनुक शिल्लक नसलेल्या संपादित वनस्पतींना केंद्राने मार्च २०२२मध्ये जनुकीय बदल केलेल्या सजीवांसाठीच्या १९८९च्या नियमांतल्या बऱ्याच अटींतून सूट दिली. प्राण्यांना ती सूट नाही. ही रेघ बरोबर जागी ओढली आहे का? आम्हाला तरी त्याहून मोठा प्रश्न मालकीचा वाटतो: तंत्राचं पेटंट एकाकडे, बियाणं दुसऱ्याकडे, मग शेतकरी कुठे?

म्हणून या अंकात आम्ही प्रयोगशाळेपेक्षा बांधावरून पाहतो आहोत. जतचा मेंढपाळ, तासगावचा द्राक्ष बागायतदार, कराडचा ऊसवाला, तुमचं म्हणणं आम्हाला हवं आहे. पत्र लिहा, विरोधातलं असेल तर आधी छापू.