शाफ्ट तुटला होता, क्लच नाही

राहुड घाटात मामेभावाचा कांद्याचा ट्रक अडकला. इंजिन चालू, गिअर पडतोय, क्लच सोडला तरी गाडी जागची हलत नाही. ड्रायव्हर म्हणाला, क्लच गेला. एका गॅरेजवाल्याने तर फोनवरच गिअरबॉक्स उतरवायचा खर्च सांगून टाकला.

मी मालेगावहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. त्याने आधी चाकांना दगड लावले. ‘सर, आता गिअरमध्ये टाकून गाडी थांबणार नाही,’ म्हणाला. मग बाजूला बसून प्रोपेलर शाफ्ट पाहिला. क्लच सोडला की तो फिरत होता. म्हणजे क्लच ठीक, गिअरबॉक्सही ठीक. दोष मागे. एका बाजूचा एक्सल शाफ्ट तुटला की डिफरन्शियल सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला फिरवून वाया घालवतं. दुसरं चाक शाबूत असूनही ओढत नाही.

जॅक लागलाच नाही, कारण या गाड्यांत वजन हाऊसिंगवर असतं. नट काढले, डावा शाफ्ट अख्खा निघाला, उजवा अर्धाच. आतला तुकडा त्याने तारेचा फास करून ओढला. तुटलेली जागा मला दाखवली: कडेला काळपट, मध्ये चकचकीत. ‘काळं आहे ती जुनी चीर. आज फक्त बाकीचं तुटलं.’ लांबी आणि आटे जुळवून नवा शाफ्ट आणला, आतले लोखंडाचे कण साफ केले, नवं पॅकिंग घातलं, तेल भरलं आणि थोडं अंतर गेल्यावर नट पुन्हा आवळायला बजावलं.

हा मुलगा आठवीत शाळा सोडून गेला. माझ्याच वर्गातून. आमच्या हजेरीपटात तो ‘गळती’.

आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, हातात हुनर आहे, डिग्री काय करायची? हे मला पटत नाही. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकला दहावी लागते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अंगी असलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र द्यायची सोय आहे, पण त्याने दहावीची अट सुटत नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, हे तरी आपल्या किती उस्तादांनी आपल्या शागिर्दांना सांगितलंय? आणि आम्ही शिक्षक तरी कुठे गॅरेजात जाऊन सांगतो? तपासणीच्या दिवशी शाळाबाह्य मुलांची यादी मात्र सुवाच्य अक्षरात तयार असते.

त्याला फॉर्मचं सांगितलं. हात पुसत तो म्हणाला, ‘गॅरेज रात्री आठला बंद होतं, सर. त्यानंतर कोण शिकवतं?’